जुने स्पीकर घेताना : आधी डोळे, मग हात, शेवटी कान

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पाने-पकडी, गंजलेल्या बिजागऱ्या, बंद पडलेली घड्याळे आणि फुटक्या मिक्सरच्या राशीत कधी तरी एक लाकडी पेटी दिसते. पुढे धुळीने काळवंडलेली कापडी जाळी, मागे दोन स्क्रू आणि ‘८ ओहम’ असे लिहिलेली पट्टी. शेजारी तिची जोडीदार असते किंवा नसते. अशी पेटी दिसली की थांबावे आणि वाकून बघावे, कारण जुन्या ध्वनियंत्रांमध्ये स्पीकरइतकी निर्धास्तपणे घेण्याजोगी वस्तू दुसरी नाही. मात्र ती बघायची रीत ठाऊक हवी.

निर्धास्तपणे म्हणण्याला कारण आहे. जुना टेपडेक घेतला तर त्यात रबरी पट्टे, मोटर, हेड आणि चाके असे बिघडणारे शंभर भाग असतात. जुन्या अॅम्प्लिफायरचे पोट वयोमानाने बिघडणाऱ्या कंडेन्सरनी भरलेले असते. स्पीकरमध्ये मात्र एक चुंबक, तांब्याच्या तारेची एक कॉइल, कागदाचा कोन, तो तोलून धरणारी कड आणि दोन-चार सुटे भाग एवढेच असते. त्याला बॅटरी लागत नाही की सॉफ्टवेअर लागत नाही. १९७५ साली बनलेला स्पीकर आज घेतलेल्या अॅम्प्लिफायरला दोन तारांनी जोडला की वाजतो. त्या काळात पेटीला जाड लाकूड आणि मोठा वूफर, म्हणजे खर्जाचा कोन, लागे, आणि कारखाने ते देत. तेवढ्या आकाराचा नवा स्पीकर आज घ्यायचा तर बराच मोठा खिसा लागतो.

मी पहिली जोडी घेतली ती कानावर भलताच विश्वास ठेवून. विक्रेत्याने अॅम्प्लिफायरला जोडून गाणे लावले, बाजाराच्या गलक्यावर मात करणारा दणदणीत आवाज आला आणि मी पैसे मोजले. घरच्या शांततेत कळले की एका पेटीचा ट्वीटर, म्हणजे तीक्ष्ण स्वरांचा छोटा कोन, मुका आहे, आणि दुसरीच्या वूफरची कड बोट लावताच भुकटी होऊन गळते आहे. गर्दीत कान फसतो. मोठा आवाज चांगलाच वाटतो आणि तीक्ष्ण स्वर गलक्यात बुडतात. तेव्हापासून मी क्रम उलटा केला : आधी डोळे, मग हात, मग मीटर आणि सगळ्यांत शेवटी कान.

कुठे शोधावे

मुंबईत भेंडी बाजाराजवळची मटण स्ट्रीट, म्हणजे चोर बाजार, हे जुने ठिकाण. तिथल्या काही दुकानदारांना आपल्याकडे काय आहे ते नेमके माहीत असते, त्यामुळे भावही त्याच हिशेबाने असतो. पुण्याच्या जुन्या बाजारात जाणकारी कमी आणि घासाघीस जास्त. पण सर्वांत चांगले स्पीकर बहुधा बाजारात पोहोचण्याआधीच मिळतात : घर रिकामे करणारी कुटुंबे, इमारत पुनर्विकासाला निघालेली सोसायटी, ओळखीचा भंगारवाला, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचे जुने दुकान. ‘स्पीकर आले तर सांगा’ एवढे सांगून ठेवले तरी वर्षभरात एक-दोन फोन येतात.

आपल्याकडे काय सापडते हेही लक्षात ठेवावे. परदेशी माल महाग आणि दुर्मीळ होता त्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत घरोघरी फिलिप्स आणि कॉस्मिक होते, आणि १९७० साली कोलकात्यात सुरू झालेल्या सोनोडाइनचे नाव होते. बोटीवर किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांनी सान्सुई, पायोनियर, अकाई असा जपानी माल आणला. सान्सुईच्या लाकडी नक्षीच्या जाळीमागे चार-पाच कोन मांडलेले दिसतात. ते बघून हरखून जाऊ नये. कोन किती आहेत यावरून आवाज ठरत नाही. दोन कोनांची नीट बांधलेली पेटी पाच कोनांच्या पेटीला सहज मागे टाकते.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांची चैन आहे. गुडविल आणि सॅल्व्हेशन आर्मीच्या दुकानांत लोकांनी दान केलेले सामान येते, आणि ज्या देशात घरगुती हाय-फायचा एक मोठा टप्पा घडला तिथलेच स्पीकर त्यात असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावात १९५४ साली एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अॅकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. पूर्ण हवाबंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून छोट्या खोक्यातून खोल खर्ज काढण्याची व्हिल्चर यांची युक्ती तिथून जगभर गेली. क्लॉस यांनी पुढे केएलएच आणि अॅडव्हेंट उभ्या केल्या. १९६९ सालचा अॅडव्हेंट स्पीकर अजूनही अशा दुकानांत दिसतो. इंग्लंडमधल्या धर्मादाय दुकानांत व्हार्फडेल, सेलेस्टियन, केफ ही नावे शोधावीत. या दुकानांत मांडणी करणाऱ्याला जोडीचे भान असतेच असे नाही, म्हणून एक पेटी दिसली की दुसरी पुढच्या फळीवर, खाली जमिनीवर, अगदी फर्निचरच्या मागेही बघावी.

आणखी एक सोय म्हणजे, साध्या स्पीकरला भिंतीतली वीज लागतच नाही. त्यामुळे तिकडचे स्पीकर भारतात आणले तर ११० आणि २३० व्होल्टचा प्रश्न येत नाही. तिकडचा अॅम्प्लिफायर आणला तर मात्र तो येतो.

पिशवीत काय असावे

छोटी टॉर्च, टेप, स्क्रू-ड्रायव्हर, साधा मल्टीमीटर, दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल आणि हातभर लांबीच्या दोन तारा, एवढ्यावर नव्वद टक्के काम होते. हौस वाढली की बारा व्होल्टवर चालणारा तळहाताएवढा ब्लूटूथ अॅम्प्लिफायर आणि छोटी बॅटरी घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळे मिळते. घरचा चांगला अॅम्प्लिफायर अनोळखी स्पीकरला कधीही जोडू नये. आत शॉर्ट असेल तर तोच जळायचा.

आधी डोळे

पहिला प्रश्न : ही जोडी खरोखर जोडी आहे का? पाठीमागच्या पट्टीवरचे मॉडेल एकच असायला हवे, आणि क्रमांक जवळचे असतील तर उत्तम. जाळी बहुतेक वेळा खुंट्यांवर बसवलेली असते. विक्रेत्याला विचारून ती हलकेच काढा. जाळी काढू न देणाऱ्याकडून स्पीकर घेऊ नये. दोन्ही वूफर एकाच रंगाचे, एकाच पोताचे, मधली टोपी एकाच आकाराची आहे का बघा. एक कोन जुना, विटलेला आणि दुसरा कोरा करकरीत असेल तर तो कधी तरी बदलला आहे.

इथे आपल्याकडची एक खास गोष्ट सांगायला हवी. गावोगावचे कारागीर मांडवातल्या आणि बँडच्या स्पीकरना नवे कोन लावून देतात, आणि ते काम ते उत्तम करतात. पण त्या कामाचा कोन जड आणि कड ताठ असते, कारण त्याला मैदानात ओरडायचे असते. तोच कोन घरगुती वूफरला बसवला की वूफर जिवंत तर होतो, पण त्याचा खर्ज जातो. म्हणून ‘नवा कोन टाकलाय’ हे ऐकून खूश होण्याऐवजी कड किती मऊ आहे ते तपासावे.

कोनाभोवतीची ही कड म्हणजे जुन्या स्पीकरची नाडी आहे. ती तीन प्रकारची असते. कापडाची, घड्या घातलेली किंवा लेप दिलेली कड पन्नास वर्षेही टिकते. रबराचीही बरीच टिकते, फक्त कडक झाली आहे का ते पाहावे. तिसरी फोमची. सत्तरच्या दशकापासून ती फार वापरली गेली आणि तिचे आयुष्य साधारण पंधरा-वीस वर्षांचे. हवेतली आर्द्रता फोम आतून सडवते, म्हणून न वाजवता ठेवलेल्या स्पीकरचाही फोम जातो, आणि मुंबई-कोकणच्या हवेत लवकर जातो. अॅडव्हेंटची कड फोमची होती. म्हणजे आज सापडलेल्या जोडीची कड एकतर बदललेली असते किंवा गेलेली असते. पण ही स्पीकर सोडून देण्याजोगी खोड नाही. नवी कड मिळते आणि चिकटवताही येते.

मग पेटी. टॉर्च तळाशी आणि मागच्या कोपऱ्यांवर मारा. त्या काळच्या बऱ्याच पेट्या लाकडाच्या भुशापासून केलेल्या पार्टिकल बोर्डच्या आणि वरून व्हिनियरच्या असतात. एकदा पाणी पिऊन बोर्ड फुगला की तो पुन्हा बसत नाही. टाचणीएवढी गोल भोके आणि खाली ताजी पिवळी भुकटी दिसली तर किडा अजून आत आहे. अशी पेटी घरात आणली तर आपले कपाटही धोक्यात येते. मातीच्या बोगद्यांची रेघ दिसली तर ती वाळवी. कुबट वास येत असेल तर आत ओल मुरली आहे.

मग हात

वूफरच्या मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर, दोन्ही हातांची बोटे टेकवा आणि कोन अगदी हलकेच, सरळ आत ढकला. कान जवळ न्या. कोन लोण्यासारखा आत-बाहेर गेला पाहिजे. खर्र असा घासल्याचा आवाज आला तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. पेटी कधी तरी पडून चुंबक सरकला असेल, किंवा कॉइल जळून तिचा आकार बिघडला असेल. एकाच बाजूने ढकलले तर चांगला कोनही घासतो, म्हणून बोटे दोन्हीकडे हवीत. कोन जागचा हललाच नाही तर कॉइल अडकली आहे.

पेटी पूर्ण बंद असेल, म्हणजे पुढे-मागे हवेचे भोक नसेल, तर आणखी एक खूण मिळते. कोन हळू आत दाबून सोडा. तो आळसावल्यासारखा सावकाश परतला तर पेटी हवाबंद आहे. झटकन उसळला तर कुठून तरी हवा गळते आहे. कडेला भेग, सैल स्क्रू किंवा मागच्या पाटीची फट असू शकते.

ट्वीटरला मात्र बोट लावू नका. त्याचा रेशमी किंवा धातूचा घुमट इतका नाजूक असतो की एका दाबाने कायमचा खळगा पडतो. खळगा पडलेला घुमटही पुष्कळदा नीट वाजतो, म्हणून फक्त नोंद घ्या.

पाठीमागे ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करायचे बटण असेल तर ते दहा-वीस वेळा पुरते फिरवा. जुन्या अॅकूस्टिक रिसर्चच्या पेट्यांत हे बटण आतून ऑक्सिडाइज होते आणि चांगला ट्वीटर मेल्यासारखा वाटतो. फिरवता फिरवता खरखर होऊन तो अचानक बोलू लागला तर दोष बटणाचा आहे, आणि तो किरकोळ आहे.

मीटर आणि पेन्सिल सेल

मल्टीमीटर ओहमवर ठेवा. आधी त्याची दोन टोके एकमेकांना लावून स्वतःच्या तारांचा आकडा बघा आणि तो वजा धरा. मग ती पेटीच्या दोन टर्मिनलना लावा. ‘८ ओहम’ लिहिलेल्या पेटीवर साधारण ५.५ ते ७ दिसावेत, ‘४ ओहम’वर ३ ते ३.५ च्या आसपास. पट्टीवरचा आकडा चालत्या संगीताचा असतो आणि मीटर फक्त तारेचा रोध मोजतो, म्हणून तो कमी दिसतो. दोन्ही पेट्यांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. काहीच आकडा नसेल तर कॉइल तुटली आहे किंवा आतली एखादी तार सुटली आहे. शून्याजवळ आला तर आत शॉर्ट आहे, आणि अशी पेटी कुठल्याही अॅम्प्लिफायरला लावू नका. आकडा नाचत राहिला तर टर्मिनलवरचा गंज स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून पुन्हा मोजा.

इथे एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. हा आकडा फक्त वूफरचा असतो. ट्वीटरच्या वाटेत क्रॉसओव्हरचा, म्हणजे वूफर-ट्वीटरमध्ये स्वर वाटणाऱ्या जोडणीचा, कंडेन्सर असतो आणि तो मीटरचा प्रवाह अडवतो. मीटरने ‘ठीक’ म्हटले तरी ट्वीटर मेलेला असू शकतो. माझ्या पहिल्या जोडीत तेच झाले असते.

आता सेल. दोन तारा सेलला धरून दुसरी टोके टर्मिनलना क्षणभर टेकवा आणि लगेच काढा. वूफर ‘टक्’ करून हलेल. अधिक टोक लाल टर्मिनलला असताना कोन पुढे आला पाहिजे, आणि दोन्ही पेट्यांत एकाच दिशेने. जुन्या जेबीएलमध्ये ही दिशा मुळातच उलटी असते. तिथे दोन्ही पेट्या सारख्या वागतात एवढे पाहायचे. नऊ व्होल्टचा सेल यासाठी वापरू नका. काही कोनांना तेवढाही झटका जास्त होतो.

शेवटी कान

इथवर पोहोचलेली जोडीच वाजवून बघायची. आवाज अगदी लहान ठेवून सुरुवात करा. एका वेळी एकच पेटी लावा, कारण दोन्ही एकदम वाजल्या की एकीचा दोष दुसरी झाकते. वहीच्या कागदाची नळी करा, एक तोंड कानाला आणि दुसरे ट्वीटरसमोर धरा. बाजाराचा गलका बाहेर राहतो आणि ट्वीटर बोलतो की नाही ते लगेच कळते. मग तेच मधल्या कोनासाठी आणि वूफरसाठी करा.

गाणे कोणते? ज्याचा प्रत्येक श्वास तुम्हाला पाठ आहे ते. माझ्याकडे तीन तुकडे ठरलेले आहेत. पहिला नुसता तानपुरा, कारण त्यात षड्जाच्या भरीव खर्जावर वरचे स्वर तरंगत असतात, आणि पेटीत काही हरवले असेल तर जवारीची ती झळाळी मंदावते. दुसरा पंडित भीमसेन जोशींचा अभंग. त्यातले टाळ ट्वीटरची परीक्षा घेतात आणि पखवाजाची थाप वूफरची. टाळ खळखळायला हवेत, फाटायला नकोत. तिसरा एकट्या स्त्रीच्या आवाजातले भावगीत. मानवी आवाज कानाला इतका ओळखीचा आहे की तो नाकातून किंवा डब्यातून आल्यासारखा वाटला की दोष लपत नाही. तबल्यातला बायाँ घुमताना कोन फडफडला तर कडेचा किंवा मधल्या टोपीचा डिंक सुटला आहे.

दोन्ही पेट्या जोडल्यावर फोनच्या सेटिंगमधली मोनो आवाजाची सोय चालू करा. आता गायक दोन पेट्यांच्या नेमका मधोमध उभा राहिला पाहिजे. तो विखुरल्यासारखा, खर्ज नाहीसा झालेला वाटला तर एका पेटीच्या तारा उलट्या लागल्या आहेत. बदलून पुन्हा ऐका.

घ्यायचे की सोडायचे

सडलेला फोम, गंजलेले टर्मिनल, खरखरणारे बटण, फाटकी जाळी, उडालेले पॉलिश : हे सगळे दुरुस्त होते. भाव करताना या खर्चाचा अंदाज विक्रेत्याला दोष दाखवून, सरळ सांगून वजा करावा. लपवाछपवीपेक्षा टॉर्चच्या उजेडात दाखवलेली सडकी कड जास्त काम करते. मेलेला ट्वीटर किंवा घासणारी कॉइल असेल तर तेच मॉडेल पुन्हा मिळण्याची शक्यता किती यावर निर्णय अवलंबून ठेवा. ओळखीच्या, भरपूर खपलेल्या मॉडेलचे सुटे भाग सापडतात, अनोळखीचे सापडत नाहीत. फुगलेला बोर्ड, जिवंत कीड, एकीत भलताच वूफर, किंवा नुसतीच एक पेटी असेल तर नाव कितीही मोठे असो, सोडून द्या. फुकट मिळाली तरी.

घरी आल्यावर

पहिला आठवडा काहीच दुरुस्त करू नका, नुसते ऐका. पेट्या थेट जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून ठेवल्या तर खर्ज फुगतो. ट्वीटर साधारण कानाच्या उंचीला येईल अशा स्टुलावर ठेवा, आणि दोन पेट्या व तुमची खुर्ची मिळून समभुज त्रिकोण होऊ द्या. पुष्कळ ‘खराब’ स्पीकर एवढ्यानेच सुधारतात.

तरीही आवाज मंद, पडदा टाकल्यासारखा वाटला तर संशय क्रॉसओव्हरच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर घ्या. वर्षांनुवर्षांत त्यांचे मूल्य बदलते. नवे घालताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा आणि ते ध्रुवरहित प्रकारचे असू द्या. सुधारणा म्हणून वेगळा आकडा घालू नका, कारण तो बनवणाऱ्याने कान लावून ठरवला होता. एका वेळी एकाच पेटीचे काम करा म्हणजे दुसरी ताडून बघायला राहते. पेटी उघडताना हातमोजे आणि तोंडावर मास्क हवा, आत काचेच्या तंतूंचा कापूस असू शकतो.

मी एकदा अशी पेटी उघडली तेव्हा मागच्या पाटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले सापडले : एक तारीख, कंडेन्सरचे दोन आकडे आणि ‘ट्वीटर बदलला’ एवढे दोन शब्द. कुणा अनामिक कारागिराच्या त्या दोन ओळींनी माझा महिनाभराचा शोध वाचवला. मी त्याखाली माझी तारीख आणि माझे आकडे लिहिले, आणि आता प्रत्येक पेटीत लिहितो. तुम्हीही लिहा. चांगला स्पीकर आपल्यानंतरही वाजणार असतो, आणि पुढे कधी तरी एखाद्या रविवारी कुणी तरी टॉर्च घेऊन त्याच्यापुढे वाकणार असते.